पोटात केसांचा गोळा : पालकांचे प्रश्न, बालशल्यचिकित्सकाची उत्तरे

केस गिळणाऱ्या मुलांबद्दल आलेल्या पत्रांतले नेमके प्रश्न खाली घेतले आहेत. नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. झोप आली की वेणीचे टोक तोंडात घालून चघळत बसते. पोटात गोळा होईल का?

नुसते चघळत असेल तर नाही. गिळते का, ते आधी पाहा. टोके कुरतडल्यासारखी दिसतात का, टाळूवर एखादी जागा विरळ झाली आहे का, शीमध्ये केस येतात का? आमटीत आलेला एखादा केस पोटात गेला तर तो निघून जातो. महिनोन्‌महिने रोज थोडे थोडे केस गिळणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

प्रश्न : केस एवढा बारीक, मग तो शौचावाटे पडून का जात नाही? फळांच्या बिया तर पडतात.

बी जठराच्या हालचालीबरोबर पुढे सरकते. केस गुळगुळीत असतो. जठराचे स्नायू त्याला पुढे ढकलू पाहतात, पण तो निसटून अस्तराच्या घड्यांमध्ये अडकतो. शिवाय केस ज्या केराटिनचा बनतो ते पचवणारे पाचकद्रव्य माणसाकडे नाही. अडकलेल्या केसाला दुसरा गुंततो, दोघांना तिसरा, आणि त्यात चिकट स्राव आणि अन्नाचे कण बसतात. बाहेर काढलेला गोळा पुष्कळदा हुबेहूब जठराच्या आकाराचा असतो, जणू साच्यातून काढावा तसा. मुलाचे केस कोणत्याही रंगाचे असोत, आम्लामुळे गोळा काळाच होतो. त्यात अडकलेले अन्न कुजते, म्हणून दात नीट घासूनही काही मुलांच्या तोंडाची दुर्गंधी जात नाही.

कधी कधी गोळ्याचे शेपूट जठरातून लहान आतड्यात उतरते. त्याला ‘रॅपुन्झेल सिंड्रोम’ म्हणतात. लांब केसांच्या त्या परीकथेतल्या मुलीचे हे नाव वैद्यकात १९६८ साली आले. शेपटामुळे आतडे गोळा होऊन तुंबू शकते, एकात एक शिरू शकते, त्याला भोकही पडू शकते. केसांच्या गोळ्याची पहिली नोंद मात्र १७७९ सालची, बॉदामाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरची, आणि तो रुग्ण सोळा वर्षांचा मुलगा होता. एरवी दहांतल्या नऊहून अधिक रुग्ण मुलीच असतात. मुलग्यांच्या पालकांनी तेवढ्यावर निर्धास्त राहू नये.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलीचे पोट दुखते, दोन घासांत पोट भरते, वजन घटले आहे, हिमोग्लोबिन ८ आहे. जंतांचे औषध झाले. सोनोग्राफीत ‘गॅस’ आला. लहानपणी ती केस खायची, पण आता डोक्यावर दाट केस आहेत.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा. पालक लाजेने हे दडवतात आणि तपास भलतीकडे जातो. गोळ्यात हवा अडकलेली असते, त्यामुळे सोनोग्राफीत तो गॅससारखा दिसू शकतो. सीटी स्कॅनमध्ये तो चांगला ओळखू येतो आणि एंडोस्कोपीत तर प्रत्यक्षच दिसतो. दाट केसांवर भिस्त ठेवू नका, काही मुले बहिणीचे, बाहुलीचे केस किंवा ब्लँकेटचे धागेही खातात. रक्त कमी असण्याचा संबंध दोन्ही बाजूंनी असू शकतो: गोळ्यामुळे रक्त कमी होते, आणि लोह कमी असले की अखाद्य वस्तू खाण्याची ओढही लागते. हिरवी उलटी झाली, पोट फुगून कडक झाले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्न : कोला पाजल्याने किंवा एरंडेल दिल्याने गोळा विरघळतो असे वाचले. ऑपरेशन टळेल का?

फळे-भाज्यांच्या तंतूंचे गोळे कोलाने विरघळल्याची उदाहरणे आहेत. तंतू वेगळे, केस वेगळे. केसांवर त्याचा काही उपयोग नाही. एरंडेल तर देऊच नका, सुटलेला तुकडा पुढे जाऊन आतड्यात अडकला तर दुखणे वाढेल. मोठा गोळा एंडोस्कोपीने क्वचितच निघतो. काही ठिकाणी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करतात. मी स्वतः पोट उघडून, जठराला छेद देऊन गोळा अख्खा काढणे पसंत करतो, कारण त्याच वेळी पुढचे आतडेही हाताने चाचपून पाहता येते. मागे राहिलेला एक तुकडा म्हणजे दुसरे ऑपरेशन.

प्रश्न : ऑपरेशन झाले. सासूबाई म्हणतात, डोक्याचा गोटा करा आणि दोन रट्टे द्या, सवय जाईल.

केस बारीक कापायला हरकत नाही, त्याने थोडा वेळ मिळतो. पण तिच्या मनाविरुद्ध गोटा करू नका, आणि रट्टे तर नकोतच. अभ्यास करताना, टीव्ही पाहताना किंवा झोप लागताना हात केसांकडे जातो तेव्हा मुलीला अनेकदा त्याचा पत्ताही नसतो. मार पडला की तेच पांघरुणाखाली सुरू होते, आणि मग तुम्हालाही कळत नाही. माझे काम गोळा काढण्यापुरते. केस उपटून खाणे हा मनाशी जोडलेला विकार आहे आणि त्याचे उपचार बालमानसोपचारतज्ज्ञाकडे आहेत. हात कधी उठतो ते ओळखायचे आणि त्या वेळी त्याला दुसरे काम द्यायचे, हे तिथे टप्प्याटप्प्याने शिकवतात. त्याला काही महिने लागतात. सवय सुरू झाली त्या सुमारास घरात काय घडले होते (नवे भावंड, शाळेतला त्रास, मोठ्यांची भांडणे) ते आठवून तिथे सांगा. हे उपचार टाळले तर गोळा पुन्हा होऊ शकतो.

प्रश्न : घरात मांजर आहे. तिचे केस मुलाच्या पोटात गेले तर?

उडून आलेला एखाद-दुसरा केस शीवाटे निघून जातो, मांजर घरात राहू द्या. मांजरीच्या पोटातही असे गोळे होतात, पण बहुतेक वेळा ती ते ओकून टाकते. मुलांना ते जमत नाही.