वाचकांचे प्रश्न : पुणे–नागपूर हवाई अंतर

प्रश्न : जेट विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाते, तर पुण्याहून नागपूरला सव्वा ते दीड तास का लागतो? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे, मात्र तो वेग केवळ उंचीवर पोहोचल्यावरचा असतो. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून नागपूरला थांब्यावर उभे राहीपर्यंत मोजली जाते, आणि तीत धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण व उतरण हे सारे येते. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्यामुळे पश्चिमेचा वारा असताना विमान वाऱ्याला सामोरे जात पश्चिमेकडे झेपावते आणि मग ईशान्येकडे वळते. शिवाय हा हवाई दलाचा तळ असल्याने लष्करी उड्डाणांसाठी थांबावेही लागते, आणि ते योग्यच आहे.