ब्रेसेसची तार गालाला टोचतेय, डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. तोवर काय करू?

ऑर्थोडॉन्टिक वॅक्स (ब्रेसेसवर लावायचं मऊ मेण) लावा, पण आधी ती जागा कापसाने नीट कोरडी करा. ओल्या ब्रॅकेटवर (दाताला चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या छोट्या तुकड्यावर) वॅक्स टिकतच नाही आणि लोक उगाच वॅक्सला नावं ठेवतात. वाटाण्याहून लहान तुकडा बोटांत मळून मऊ करा नि तारेच्या टोकावर दाबून बसवा. जेवताना काढा, नंतर नवा लावा.

तार बारीक असेल तर पेन्सिलीमागच्या स्वच्छ खोडरबराने टोक हलकेच दाताकडे वळवून पाहा. घरी कापू मात्र नका, तुकडा घशात जाऊ शकतो. गाल सोलवटला असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. आणि दवाखान्यात आजच फोन करा. एवढ्या कामासाठी बरेच डॉक्टर मधेच बोलावतात.

दुखतंय म्हणून त्या बाजूचा ब्रश चुकवू नका. ब्रॅकेटभोवती प्लाक (दातांवरचा जंतूंचा चिकट थर) साचून पडणारे पांढरे डाग ब्रेसेस काढल्यावरही राहू शकतात.