उजळणारं पॉलिमर की बी.एड.?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगी बेळगावात बीएस्सी सेकंड इयरला आहे. शरीरातला आजार उजळून दाखवणाऱ्या पॉलिमरवर एक व्याख्यान ऐकलं आणि आता ‘त्यातच संशोधन करणार’ म्हणून बसली आहे. घरातले म्हणतात, बी.एड. कर. पॉलिमर म्हणजे प्लास्टिकच ना? त्यावर पोट भरेल का? – एक आई

उत्तर : ताई, पॉलिमर म्हणजे छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. प्लास्टिक हे पॉलिमरच, पण सगळी पॉलिमर प्लास्टिक नसतात. पीनायपॅम नावाचं एक पॉलिमर थंड पाण्यात साखरेसारखं विरघळतं. ते द्रावण परीक्षानळीत ३२ अंशांच्या वर तापवलं की साखळी आकसते आणि द्रावण दुधाळ होतं, गार केलं की पुन्हा नितळ. अशा साखळीला चमकणारा रंग जोडला, तर साखळी आकसली की चमकही बदलते. एरवी हे रंग बहुतेक पाण्यात नीट मिसळत नाहीत. साखळी त्यांना रक्तातून वाहून नेऊ शकते. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, ७.४ असतो; कॅन्सरच्या गाठीभोवती तो थोडा आम्लधर्मी. तिथे पोचल्यावरच उजळेल अशी साखळी बांधायची, ही सगळी धडपड. मात्र हे काम अजून बरंचसं पेशी आणि उंदरांवरच चाललंय, हे लेकीला स्पष्ट सांगा.

म्हणून माझं मत असं : आत्ताच एवढी बारीक वाट धरू नये. हा विषय पीएचडीला निवडायचा. आधी ऑरगॅनिक आणि पॉलिमर केमिस्ट्री पक्की हवी. कॉलम चालवणं (मिश्रणातले पदार्थ वेगळे करणं), एनएमआर वाचणं (रेणूची रचना ओळखणं) हातात बसलं तर औषध, रंग, अ‍ॅडहेसिव्ह अशा कंपन्यांतही काम मिळतं. पोटाचं उत्तर तिथे आहे, व्याख्यानातल्या चमकेत नाही.

एमएस्सीसाठी जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा, द्यावी. अर्ज साधारण सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत. सीमाभागातल्या पालकांना डोमिसाइलची धास्ती असते. जॅमला ती अट नाही. जातीचा दाखला मात्र केंद्राच्या नमुन्यात लागतो, आणि कर्नाटकाच्या मागास यादीतली थ्री-बी म्हणजे केंद्राची ओबीसी नव्हे. केंद्राच्या यादीत तुमची जात आहे का, ते आधी बघा, मग तहसीलला जा. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी) ही या कामाची मोठी ठिकाणं.

त्याआधी तिला एक उन्हाळा खऱ्या प्रयोगशाळेत काढू दे. विज्ञान अकादम्यांच्या समर फेलोशिपचे अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटी भरावे लागतात. दिवसभर काचसामान धुऊन, फसलेली रिअ‍ॅक्शन दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची तिची तयारी दिसली, तर अडवू नका. कंटाळली, तर एमएस्सी करून बी.एड.ही करता येतं. घरच्यांना तेवढं सांगितलं तरी निम्मा वाद मिटेल.