वाचकांचे प्रश्न : मेलेली पेशी आणि जगलेली पेशी

रसायनांमुळे डीएनएला होणाऱ्या इजेवर मी १९ वर्षं प्रयोगशाळेत काम करते आहे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं निवडली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण तीच भीती निम्म्याहून अधिक पत्रांत होती.

प्रश्न : ताई, रोजच्या वापरातल्या एका रसायनाने 'मानवी पेशी मरतात, प्रयोगशाळेत सिद्ध' अशी बातमी वाचली आणि झोप उडाली. ते रसायन आमच्या घरात कित्येक वर्षं आहे. आता आम्हाला कॅन्सर होणार का?

उत्तर : मेलेल्या पेशीला कॅन्सर होत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. फ्लास्कमधल्या पेशी मारणं फार सोपं आहे. वर नुसतं शुद्ध पाणी ओतलं तरी त्या फुगून फुटतात. मीठ जास्त झालं तर आक्रसून मरतात. म्हणून 'पेशी मेल्या' एवढ्यावरून कॅन्सरबद्दल काहीच कळत नाही. किती रसायन घातलं, किती वेळ ठेवलं आणि पेशी कुठल्या होत्या, ही तीन उत्तरं बातमीत नसतील तर त्या बातमीवर झोप घालवू नका.

काळजी असते ती जखमी होऊनही जगलेल्या पेशीची. डांबर, काजळी आणि तंबाखूच्या धुरात बेंझोपायरीन नावाचं रसायन असतं. ते जसंच्या तसं डीएनएला फारसं काही करत नाही. पण ते तेलकट असतं, पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीर त्याला बाहेर घालवण्यासाठी एन्झाइम लावून त्याचं रूप बदलायला घेतं. त्या खटाटोपात मधल्या एका टप्प्यावर असा पदार्थ तयार होतो, जो डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानीनला ('जी'ला) जाऊन चिकटतो. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला तिथे गुठळी लागते आणि ती समोर चुकीचं अक्षर बसवून पुढे जाते. पुढच्या विभाजनात 'जी'च्या जागी 'टी' कायमचा होतो. ही चूक पी५३ या जनुकात नेमक्या ठिकाणी झाली, तर पेशीला 'थांब, आधी दुरुस्त कर, नाहीतर मर' असं सांगणारा पहारेकरीच जातो. आणि अशी पेशी मायक्रोस्कोपखाली शेजारणीसारखीच धडधाकट दिसते.

आमच्याकडे डीएनएची मोडतोड बघण्यासाठी कॉमेट नावाची चाचणी करतात. पेशी काचेच्या स्लाइडवर जेलमध्ये बसवायच्या, मीठ आणि डिटर्जंटच्या द्रावणात त्यांचं आवरण विरघळवायचं, मग थंड अल्कलीत ठेवून वीज सोडायची. अखंड डीएनए जागेवर राहतो, चेंडूसारखा गोल. तुटलेला डीएनए धन टोकाकडे ओढला जातो आणि धूमकेतूसारखी शेपूट दिसते.

नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या आठवड्यात एक प्रयोग करायला लावते. एकाच फ्लास्कमधल्या पेशींना थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड द्यायचं. निम्म्या लगेच स्लाइडवर घ्यायच्या. उरलेल्यांवरचं पेरॉक्साइड धुऊन टाकायचं, त्यांना ताजं पोषक द्रव द्यायचं आणि ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये दोन तास सोडायचं. पहिल्या स्लाइडवर सगळीकडे लांबलचक शेपट्या असतात. दुसरीवर बहुतेक पेशी पुन्हा गोल झालेल्या असतात. इतकी वर्षं झाली, पण ती दुसरी स्लाइड बघताना मला अजून भरून येतं. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत रोज डीएनएच्या हजारो जखमा होतात, त्यातल्या पुष्कळशा नुसत्या श्वास घेण्या-जगण्याने होतात, आणि जवळजवळ सगळ्या भरल्या जातात. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडणाऱ्या टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मात्र विद्यार्थी खूश होऊन 'मॅडम, सगळं ठीक झालं' म्हणतात, तेव्हा मी त्यांना थांबवते. शेपूट गेली म्हणजे धागा जोडला गेला. जोडताना अक्षर बरोबर बसलं की नाही, ते या चाचणीत दिसत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात.

माझीच एक चूक सांगते. काम सुरू केलं त्या वर्षी एका रसायनाच्या स्लाइडवर मला अशा शेपट्या दिसल्या की आता मोठा शोध लागला असं वाटलं. रात्री अकरापर्यंत बसून मी त्या मोजल्या. सकाळी सरांनी एकच विचारलं, "कंट्रोल बघितलास?" कंट्रोल म्हणजे ज्यांना रसायन दिलेलंच नाही त्या पेशी. त्यांच्यातही शेपट्या होत्या. मी स्लाइड पांढऱ्या दिव्याखाली उघड्या ठेवल्या होत्या आणि प्रकाशाने डीएनए तोडला होता. तेव्हापासून कुठलाही निकाल हातात आला की मी आधी कंट्रोलची स्लाइड काढते.

आणखी दोन गोष्टी. फ्लास्कमधल्या पेशी बहुधा कुणाच्या तरी गाठीतून आलेल्या, अमर झालेल्या असतात. हेला पेशी १९५१ पासून वाढतच आहेत. त्या निरोगी माणसाच्या यकृतासारख्या किंवा कातडीसारख्या वागतीलच असं नाही. दुसरी गोष्ट वेळेची. आमचा प्रयोग २४ किंवा ४८ तासांचा असतो. यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी १९१५ मध्ये रसायनाने कॅन्सर होतो हे पहिल्यांदा प्राण्यावर दाखवलं, तेव्हा त्यांना सशांच्या कानांना कोलटार महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा लावावं लागलं होतं. आधी कित्येकांनी थोडे दिवस लावून सोडून दिलं होतं.

तेव्हा घरातलं ते रसायन बातमीपायी फेकायची घाई नको. बाटलीवर दिलेल्या सूचना पाळा, खिडकी उघडी ठेवून वापरा, दोन रसायनं एकत्र करू नका. घरात कुणी तंबाखू ओढत किंवा खात असेल, तर तुमची सगळी काळजी तिकडे वळवा. तिथे पुरावा फ्लास्कपुरता नाही, तो लाखो माणसांच्या शरीरांतून आलेला आहे.

प्रश्न : माझी मुलगी जीवशास्त्रात संशोधन करते. इथिडियम ब्रोमाइड नावाचं काहीतरी रोज हाताळते आणि मैत्रिणी तिला घाबरवतात. तिला हे सोडायला सांगू का?

उत्तर : सोडायला सांगू नका, पण दोन गोष्टी नक्की विचारा.

इथिडियम ब्रोमाइड डीएनएच्या पायऱ्यांमध्ये सरकून बसतं आणि अतिनील प्रकाशात नारिंगी चमकतं, म्हणून डीएनए डोळ्यांना दिसावा यासाठी ते वापरतात. डीएनएत बसतं म्हणूनच लोक घाबरतात. ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात एक सुंदर चाचणी तयार केली. त्यात हिस्टिडीन हे वाढीला लागणारं अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जीवाणू हिस्टिडीन नसलेल्या थाळीवर ठेवतात. रसायनाने त्यांच्या जनुकात बदल घडवला, तर काही जीवाणूंची ती क्षमता परत येते आणि थाळीवर ठिपके उगवतात. सोबत उंदराच्या यकृताचा अर्क घालतात, कारण वर सांगितलं तसं काही रसायनं यकृताच्या हातून गेल्यावरच घातक होतात. इथिडियम या चाचणीत हा अर्क असतानाच ठिपके देतं. दुसरीकडे, याच जातीची औषधं गुरांच्या रोगावर अनेक दशकं टोचली गेली आहेत. म्हणजे ग्लोव्हज घालून जपून वापरावं असं ते रसायन आहे, रात्रभर रडावं असं नाही.

मला जास्त काळजी वाटते ती अ‍ॅक्रिलामाइडच्या भुकटीची. त्यापासून प्रयोगशाळेतलं जेल बनवतात; तयार जेल त्यामानाने बिनधोक असतं, पण भुकटी तोलताना उडते, आणि ती मज्जातंतूंना इजा करते. तुमच्या मुलीला विचारा, भुकटी हूडमध्ये, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात, तोलतेस का? आणि दुसरं विचारा, ग्लोव्हज कोणते आणि ते घालून मोबाइलला, दाराच्या मुठीला हात लावतेस का?

ग्लोव्हजचं का विचारते ते सांगते. कॅरेन वेटरहान ही अमेरिकन शास्त्रज्ञ क्रोमियमसारखे धातू डीएनएला कशी इजा करतात हेच शोधत होती. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब तिच्या लॅटेक्स ग्लोव्हवर पडले. ती हूडमध्येच काम करत होती, सगळे नियम पाळून. जून १९९७ मध्ये ती गेली. नंतर तपासलं तेव्हा कळलं, तो पदार्थ त्या प्रकारच्या ग्लोव्हमधून काही सेकंदांत आरपार जातो. तो पदार्थ तुमच्या मुलीच्या टेबलावर बहुधा कधीच येणार नाही. पण 'ग्लोव्हज घातले आहेत' हे उत्तर पुरेसं नसतं, 'या रसायनासाठी हेच ग्लोव्हज' असं उत्तर तिच्याकडे हवं. डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेल्या पदार्थांबाबत तर हवंच हवं, कारण डीएमएसओ आपल्यासोबत दुसऱ्या पदार्थांना कातडीतून आत नेऊ शकतं.

प्रश्न : तंबाखूचा धूर आणि ऊन, दोन्ही 'गट १' मध्ये. म्हणजे दोन्ही सारखेच वाईट?

उत्तर : नाही. फ्रान्समधल्या लिऑंची आयएआरसी ही संस्था गट ठरवते ते पुराव्याच्या खात्रीवरून. गट १ म्हणजे 'माणसात कॅन्सर होतो याची खात्री आहे.' किती जणांना, किती मात्रेला होतो, हे त्या आकड्यात नाही. बेंझीन, ॲस्बेस्टॉस, अफ्लाटॉक्सिन, दारू आणि ऊन एकाच गटात आहेत, पण एकाच पारड्यात नाहीत.

प्रश्न : वडील तरुणपणी रंग बनवणाऱ्या कारखान्यात होते. ते सोडून २५ वर्षं झाली. हल्ली एकदा लघवीतून रक्त गेलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं. ते म्हणतात, थांबलं ना, मग सोडून दे. त्या जुन्या कामाचा आता काय संबंध?

उत्तर : संबंध असू शकतो. हे पत्र वाचून मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली आणि तुम्हाला टपालानेही उत्तर पाठवलं आहे.

१८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचं नोंदवलं. गुन्हेगार कोण ते सापडायला ४० वर्षांहून जास्त काळ गेला, कारण इतर प्राण्यांत गाठी उठेनात. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी कुत्र्यांवर रंगाच्या कारखान्यांतलं २-नॅफ्थिलअमाइन हे रसायन वापरून गाठी उठवून दाखवल्या. या जातीची रसायनं, म्हणजे अमाइनं, यकृतात बदलतात, लघवीतून बाहेर पडायला निघतात आणि मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात, म्हणून इजा तिथेच होते. आणि पहिल्या इजेपासून गाठ दिसेपर्यंत २०-३० वर्षं सहज जातात. पहिली चूक झालेली पेशी इतकी वर्षं शांत राहते, मग तिच्या वंशात दुसरी चूक होते, तिसरी होते. वडिलांनी काम सोडलं म्हणून तेव्हाची चूक पुसली गेली असं नसतं.

रक्ताची कारणं साधीही असतात: खडा, संसर्ग, प्रोस्टेट. पण न दुखता रक्त गेलं आणि थांबलं, हे तपासणी टाळण्याचं कारण होत नाही, उलट तपासणीचंच कारण आहे. या आठवड्यातच त्यांना मूत्रविकारतज्ज्ञांकडे न्या. डॉक्टर बहुधा लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि दुर्बिणीने मूत्राशय बघायला सांगतील. वडील धूम्रपान करत असतील किंवा करत असत, तर तेही लपवू नका, कारण त्या धुरात हीच अमाइनं असतात.

जाण्याआधी संध्याकाळी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कुठल्या साली लागले, कुठल्या खात्यात होते, भुकटी हाताने भरायचे का, घरी येताना कपड्यांना कोणता रंग असायचा, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. 'आधी कुठे काम करत होता' हा प्रश्न डॉक्टरांकडून राहून गेला, तर तुम्ही स्वतःहून तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. काय निघालं ते मला कळवा, मी वाट बघते आहे.