घाट उतरताना ऑटोमॅटिक गाडी डी मध्येच ठेवायची का?

प्रश्न : आधी बारा वर्षं मॅन्युअल गाडी चालवली, आता एएमटी घेतलीय, म्हणजे क्लच आणि गिअर स्वतःच टाकणारी ऑटोमॅटिक. गेल्या महिन्यात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो, गाडी पूर्ण वेळ डी (ड्राइव्ह) मध्येच. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला आणि ब्रेक पेडल जरा मऊ लागलं म्हणून बाजूला घेऊन थांबलो. शोरूमवाला म्हणाला ऑटोमॅटिकमध्ये गिअरला हात लावायची गरजच नाही. मग ते एम (मॅन्युअल) आणि गिअर वर-खाली करायचं प्लस-मायनस दिलंय कशाला? खालचा गिअर टाकला तर इंजिनला त्रास होतो का, पेट्रोल जास्त जातं का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : थांबलात ते फार चांगलं केलंत, कारण मऊ पेडल ही शेवटची सूचना असते, त्यानंतर पेडल सरळ खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. आणि गिअरला हात लावायचीच गरज नाही हे सपाट रस्त्यावर ठीक आहे, घाटात अजिबात नाही.

आधी हिशोब बघा. महाबळेश्वर ते पोलादपूर साधारण चाळीस किलोमीटरमध्ये तुम्ही जवळपास १३०० मीटर खाली येता. माणसं आणि सामान धरून गाडी ११०० किलोची धरली तर त्या उतारातून जी ऊर्जा सुटते तिच्यात चाळीसेक लिटर गार पाणी उकळेल. यातला काही भाग हवा आणि टायर खातात, बाकीची कुठेतरी जायला हवी, आणि गाडी डी मध्ये असेल तर ती बहुतेक सगळी ब्रेकच्या डिस्क आणि पॅडमध्ये जाते. पॅड तापले की पकड कमी होते, तोच तो वास. त्याहून जास्त तापलं की ब्रेक ऑईल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो पण ऑईल दाबलं जात नाही, म्हणून पेडल मऊ लागतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑईल नवं असताना २०५ अंशाच्या पुढे उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुनं झालं की हाच आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर बघायलाच नको. तुमचं ऑईल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर पुढच्या घाटाच्या आधी बदला, आणि आता एकदा पॅडही उघडून बघायला सांगा.

आता डी मध्ये असं का होतं? तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो, बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिनवर लोड नाही आणि तो वरचा गिअर टाकतो. चौथ्या-पाचव्यात इंजिन गाडीला फारसं धरून ठेवत नाही, वेग वाढतो, तुम्ही ब्रेक दाबता, परत तेच. एम मध्ये घेऊन दुसरा गिअर टाकला की चाकं इंजिनला फिरवतात आणि इंजिन गाडीला मागे ओढतं. जुने ट्रक ड्रायव्हर सांगायचे की ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ते आजही खरं आहे, उलट आजच्या गाड्या ताकदीच्या आहेत म्हणून चढताना लागला त्याच्यापेक्षा एक खालचा टाकला तरी चालेल.

इंजिन ओरडतं म्हणून घाबरू नका. पेट्रोल इंजिन साडेतीन-चार हजार आरपीएमला (मिनिटाला इंजिनच्या फेऱ्या) मजेत चालतं, लाल रेषा त्याच्या बरीच वर असते. आणि आरपीएम फारच वर जाणार असेल तर बहुतेक गाड्या खालचा गिअर घेतच नाहीत. पेट्रोलचं तर उलटंच आहे, गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरताना इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल टाकलात तर मात्र आयडलिंगला पेट्रोल लागतं आणि सगळा भार ब्रेकवर, म्हणजे पैसेही जातात आणि धोकाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिन बंद करून घाट उतरणारे अजूनही दिसतात, त्यांना हात जोडून सांगतो की असं करू नका, इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकची मदत संपते आणि स्टिअरिंग जड होतं.

करायचं कसं तर उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या, वेग वाढल्यावर नाही. एकेक गिअर उतरवा. पावसात ओल्या वळणावर एकदम खालचा गिअर टाकू नका, पुढची चाकं घसरू शकतात. वेग वाढला तर ब्रेक ठाम दाबून वेग कमी करायचा आणि पाय पूर्ण काढायचा, सतत हलका पाय ठेवून उतरायचं नाही, ब्रेकला गार व्हायला वेळच मिळत नाही. आणि वास आलाच तर थांबा, अर्धा तास गार होऊ द्या, गरम डिस्कवर पाणी ओतू नका.

जाता जाता चढाचंही सांगतो, एएमटी चढावर ट्रॅफिकमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, आतला क्लच जळतो. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. आणि लक्षात असू द्या, घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियमच आहे.

प्रश्न : माझ्या सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिकला गिअरच नाहीत, फक्त एल (लो) आहे. आणि भावाची इलेक्ट्रिक आहे, त्याने काय करायचं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सीव्हीटीत पायऱ्या नसतात पण एल टाकलं की इंजिन जोरात फिरत राहतं आणि तसंच धरतं, कुंभार्ली घाट उतरताना बिनधास्त वापरा. काही गाड्यांत एस असतो, हायब्रिडमध्ये बी, काम तेच. इलेक्ट्रिकमध्ये रिजेन, म्हणजे मोटरनेच गाडीला धरून बॅटरी चार्ज करायची सोय, सगळ्यात जास्तवर ठेवायचा, ब्रेकला फारसा हात लागत नाही आणि बॅटरीत थोडं परतही येतं. फक्त घाटमाथ्यावर १०० टक्के चार्ज करून उतरायला लागू नका, भरलेल्या बॅटरीत जागाच नसते म्हणून रिजेन कमी होतो आणि गाडी एकदम मोकळी सुटल्यासारखी वाटते. वरच्या हॉटेलवर रात्रभर चार्जिंगला लावली असेल तर ८०-८५ टक्क्यांवर थांबवायला सांगा भावाला.