नऊ जागा, नऊ पोरं

प्रश्न : आदरणीय बाई, तुमची सॉफ्टबॉलवरची उत्तरं वाचून मी आणि माझा मामेभाऊ बेसबॉल बघायला लागलो. आता आमचं एक भांडण मिटवा. अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या तरुण खेळाडूंचा एक ऑल-स्टार संघ आम्ही निवडतोय. वय पंचवीस किंवा त्याहून कमी. भाऊ म्हणतो, २०२५ मध्ये सगळ्यात जास्त होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारणारे नऊ जण घ्यायचे, विषय संपला. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही. तुम्ही कोणाला घेतलं असतं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुला पटत नाही ते बरोबर आहे. सात चढाईपटू घेऊन कबड्डीचा संघ उभा राहत नाही, कोपऱ्यात पकड करणारा लागतोच. बेसबॉलमध्येही आधी जागा बघायची, मग माणूस.

हे मी चुकून शिकले. नौपाड्यातल्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं सॉफ्टबॉल शिकवला. एका वर्षी जिल्हा स्पर्धेसाठी नऊच्या नऊ मुली मी बॅटिंग बघून निवडल्या. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, जिला उभं केलं, ती चेंडू कुंपणापलीकडे मारायची, पण जमिनीवरून सरपटत येणारा चेंडू तिला वाकून घेता येत नव्हता. पाचव्या इनिंगमध्ये लागोपाठ तीन चेंडू तिच्या बाजूने निघून गेले. सामना संपल्यावर ती पोर किट बॅगवर डोकं ठेवून रडत होती, आणि चूक माझी होती. तेव्हापासून मी संघ मधल्या रेषेवरून निवडते. होम प्लेटजवळ, म्हणजे बॅटिंगच्या जागेशी, उभं राहून समोर बघ: कॅचर (विकेटकीपरसारखा), पिचर (चेंडू टाकणारा), सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉपची जोडी, मागे सेंटर फील्ड. ही रेषा पक्की झाली की कडेच्या जागा भरता येतात.

आधी वयाचा हिशोब. तारीख ठरवा, १ जुलै २०२५ धरा. बेसबॉलमध्ये हंगामाचं वय साधारण जूनअखेरीलाच मोजतात. या तारखेला गाजलेला फलंदाज हुआन सोटो बाहेर जातो, तो ऑक्टोबर १९९८ चा. रोनाल्ड अकुन्या ज्युनियर त्याच्याहून मोठा, आणि मार्च १९९९ मध्ये जन्मलेला व्लादिमीर गरेरो ज्युनियरही नाही. सोटोला आपण २०१८ पासून, तो एकोणीस वर्षांचा असल्यापासून बघतोय, म्हणून तो अजून पोरगाच वाटतो.

कॅचर ड्रेक बाल्डविन, अटलांटा ब्रेव्ह्जचा. २०२५ चा नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) सर्वोत्तम नवोदित. मी स्वतः कॅचर होते, म्हणून ही जागा मी सगळ्यात आधी भरते. प्रत्येक पिचरचा स्वभाव ओळखायचा, कोणता चेंडू मागायचा ते ठरवायचं, धावणाऱ्यांवर नजर ठेवायची. हे चोविसाव्या वर्षी जमलेला मुलगा सहज मिळत नाही.

शॉर्टस्टॉपला मात्र गर्दी आहे. बाल्टिमोरच्या गनर हेंडरसनने २०२४ मध्ये ३७ होमरन मारले. सिनसिनाटीचा साडेसहा फुटांच्या जवळपास उंच एली डे ला क्रूझ धावायला लागला की मी चहाचा कप खाली ठेवते. २०२४ मध्ये त्याने ६७ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला, मेजर लीगमध्ये सर्वाधिक. पण त्याच वर्षी तो २१८ वेळा स्ट्राइकआऊट झाला, म्हणजे नीट फटका न बसताच बाद झाला, तेही सर्वाधिक. शिवाय चोरलेल्या बेसचे आकडे आता जपून वाचायला हवेत. २०२३ मध्ये नियम बदलले. बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली आणि धावणाऱ्याला रोखायला पिचरने किती वेळा फेक करायची यावरही बंधन आलं. एका वर्षात लीगमधले चोरलेले बेस २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. म्हणून मी कॅन्सस सिटीचा बॉबी विट ज्युनियर घेते. २०२४ मध्ये ३२ होमरन, ३१ चोरलेले बेस, .३३२ सरासरीने (जवळपास दर तीन संधींमागे एक यशस्वी फटका) अमेरिकन लीगचं बॅटिंगचं अव्वल स्थान आणि क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह, हे सगळं एकाच हंगामात. माझ्या त्या शॉर्टस्टॉपच्या जागेवरून असा मुलगा खेळताना बघितला की मन भरून येतं.

त्याच्या शेजारी सेकंड बेसला ब्राइस तुरांग. भावाच्या यादीत हे नाव येणारच नाही. २०२४ मध्ये मिलवॉकीच्या या मुलाने जेमतेम सात होमरन मारले, पण ५० बेस चोरले आणि नॅशनल लीगमधला सर्वोत्तम क्षेत्ररक्षक म्हणून प्लॅटिनम ग्लव्ह मिळवला.

सेंटर फील्डला शिकागो कब्जचा पीट क्रो-आर्मस्ट्राँग. २०२५ मध्ये ३१ होमरन आणि ३५ चोरलेले बेस, पण मी त्याला घेते ते चेंडूमागे पळण्यासाठी. चेंडू बॅटला लागायच्या आत त्याचा पाय उचललेला असतो. वाईट चेंडू सोडून द्यायचा संयम त्याला अजून यायचाय. सिअॅटलच्या ज्युलिओ रॉड्रिगेझला मी लेफ्टला हलवते. सेंटरला खेळणारा कडेला उभा राहू शकतो, कडेचा सेंटरला जाईलच असं नाही. राइटला अॅरिझोनाचा कॉर्बिन कॅरोल.

फर्स्ट आणि थर्ड बेसला भावाचं ऐक. थर्डला टॅम्पा बेचा ज्युनियर कॅमिनेरो, २०२५ मध्ये ४५ होमरन. फर्स्टला अॅथलेटिक्सचा निक कर्ट्झ. २५ जुलै २०२५ ला त्याने ह्यूस्टनविरुद्ध एकाच सामन्यात चार होमरन मारले. पहिल्याच हंगामात असं करणारा तो पहिला.

आता पिचर. इथे माझा हात जरासुद्धा अडखळत नाही. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स. हा मुलगा एअर फोर्स अकॅडमीत कॅचर म्हणूनही खेळायचा, मग लुइझियाना स्टेटला जाऊन पूर्ण पिचर झाला, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला. २०२४ मध्ये १३३ इनिंगमध्ये १७० स्ट्राइकआऊट. २०२५ मध्ये नऊ इनिंगमागे त्याने दोनपेक्षा कमी धावा दिल्या, सरासरी १.९७, आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला. त्याच वर्षीचं त्याच्या नावावरचं जय-पराजयाचं खातं बघ: १० विजय, १० पराभव. संघाने धावाच केल्या नाहीत तर पिचर काय करणार? भावाला हा एकच आकडा दाखव. नुसता एक रकाना बघून माणूस कळत नाही.

मिलवॉकीचा जेकब मिसिओरोव्स्की २०२५ मध्ये अवघे पाच सामने टाकून खऱ्या ऑल-स्टार संघात गेला. त्याचा वेग मलाही आवडतो, पण पाच सामन्यांवर मी शाळेचा संघसुद्धा निवडला नसता. कोवळ्या पिचरच्या कोपराची मला फार काळजी वाटते. १९७४ मध्ये पिचर टॉमी जॉनवर कोपराची जी शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली, ती आज विशी-बाविशीतल्या मुलांवर सर्रास होते. एक-दोन हंगाम पूर्ण टाकू दे, मग बघू.

हे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात. चार इनिंग बघून मी तलावपाळीला फेरी मारायला जाते, आणि चालताना हाच संघ डोक्यात मांडत असते. पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणाऱ्याची दहावी जागा मी मोकळी ठेवलीय. ती तुझ्या मामेभावाला भरू दे. तो वॉशिंग्टनचा जेम्स वूड म्हणाला तर लगेच मान्य कर.