बालमित्र, सवंगडी की गल्लीतली पोरं?

मूळच्या सोलापूरच्या, आता पुण्यात स्थायिक झालेल्या एका ताईंनी जुन्या गल्लीतल्या सगळ्यांना एकत्र बोलवायचं ठरवलं आहे. त्या दिवशी वाचून दाखवायला त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या आणि पहिल्याच ओळीला अडल्या. त्यांनी 'माझ्या बालमित्रांनो' असं लिहिलं होतं. भावाने ते खोडून 'लंगोटीयारांनो' केलं, वडिलांनी 'सवंगडी' सुचवलं. त्यांचं विचारणं असं: यातला योग्य शब्द कोणता, 'सवंगडी' मुलींनाही चालतो का, आणि लहानपणी आपण एकमेकांना नेमकं काय म्हणायचो ते आता आठवत का नाही?

ताई, मीही सोलापूरचाच. शेवटचा प्रश्न आधी घेतो. आठवत नाही, कारण यातलं काहीच आपण म्हणत नव्हतो. सात-आठ वर्षांचं पोर कुणाची ओळख 'हा माझा बालमित्र' अशी करून देत नाही. बालमित्र म्हणायला आधी स्वतः मोठं व्हावं लागतं. 'लंगोटीयार'चंही तेच. लंगोटी नेसायच्या वयापासूनचा यार, हे लंगोटी सुटल्यावरच सुचतं. दोन्ही शब्द मागे वळून पाहणाऱ्या माणसाचे आहेत, आणि दोन्ही एकेकाला निवडून लावायचे आहेत: अमका माझा बालमित्र, तमका माझा लंगोटीयार. गल्लीत मात्र निवड नव्हती. ज्याच्याशी दर दोन दिवसांनी कट्टी व्हायची तो होता, फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी येणारा होता, आणि पायरीवर बसून नुसतं बघणारी एखादी धाकटी बहीणही होती. हे सगळेच काही बालमित्र नव्हेत. पण तुमच्या मेळाव्याला ते सगळे येणार, आणि पहिल्या ओळीत त्या सगळ्यांना जागा हवी.

आता 'गडी'कडे या, कारण सगळी मौज तिथे आहे. आज 'गडी' म्हटलं की घरकामाचा किंवा शेतावरचा नोकर आठवतो, नाहीतर 'गडी मोठा खंबीर' असं कौतुक. पण मोल्सवर्थच्या 1857च्या मराठी-इंग्रजी कोशात सोबती, खेळातला जोडीदार हा अर्थही आहे, आणि तो अजून जिवंत आहे. कबड्डीत गडी बाद होतो, रेडिओवरच्या क्रिकेटच्या समालोचनात 'चार गडी बाद' झालेले आपण ऐकले आहेत. 'खेळगडी' हा तर सरळ सरळ तुमच्या उपयोगाचा शब्द. याच घरातला 'गड्या', जो 'गड्या, आपला गाव बरा' या म्हणीत बसला आहे. आणि याच घरातली 'गडणी', म्हणजे मैत्रीण, खेळातली सोबतीण. जुन्या गौळणींत आणि बायकांच्या गाण्यांत ती भेटते. बोलण्यातून गडणी गेली, पण 'चल गडे', 'सांग ना गडे' मधला 'गडे' राहिला. आपल्या आज्या सहज वापरायच्या तो. मला या शब्दाचं फार वाटतं. एका खेळातल्या सोबत्यापासून निघून भाषेने मुलग्यांसाठी गड्या आणि मुलींसाठी गडे अशी दोन लाडाची संबोधनं तयार केली, आणि आता दोन्ही फक्त जुन्या पुस्तकांत राहिल्यासारखी झाली आहेत.

'सवंगडी' या शब्दाला मात्र गोकुळाचा वास आहे. काल्याच्या अभंगांत कृष्णाबरोबर गाई राखणारे, आपापली शिदोरी एकत्र कालवून खाणारे ते सवंगडी. मालवणीत आणि कोकणीत 'वांगडा' म्हणजे सोबत, 'माझ्या वांगडा चल' म्हणजे माझ्याबरोबर चल. आपला शब्द त्याच कुळातला दिसतो. एक फरक इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुदामा हा कृष्णाचा गुरुगृही भेटलेला मित्र, आजच्या भाषेत वर्गमित्र. पेंद्या हा गल्लीतला. सवंगडी म्हटलं की आठवायचा तो पेंद्या. म्हणून वडिलांची सूचना अर्थाने अगदी नेमकी आहे, बालमित्रापेक्षा कितीतरी जवळची. सवंगडी समूहाने येतात आणि त्यांच्यामध्ये खाणं असतं. आपल्याकडे एका घरची कडक भाकरी आणि दुसऱ्या घरची शेंगाचटणी एकाच पायरीवर संपायची, ते ज्याने केलं आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

'भिडू'ही विसरू नका. भिडणे या क्रियापदातून आलेला, पूर्णपणे खेळातला शब्द. सोलापुरात तो ऐकू यायचा भिडू वाटून घेताना. दोन जण म्होरके व्हायचे. बाकीची पोरं दोघं-दोघं करून गळ्यात हात टाकून लांब जायची, कानात कुजबुजून आपल्याला गुपित नावं ठेवायची आणि परत येऊन विचारायची, 'कुणाला पाहिजे वाघ, कुणाला पाहिजे सिंह?' म्होरक्या वाघ म्हणाला की वाघ त्याचा, सिंह पलीकडचा. एका क्षणापूर्वी गळ्यात हात असलेले दोघं आता समोरासमोर. उद्या पुन्हा वाटणी, पुन्हा नवे भिडू. जे पोर फारच लहान, त्याला 'लिंबूटिंबू' म्हणून दोन्हीकडून खेळायला घ्यायचे, ते बाद व्हायचं नाही. त्याला घरी पाठवायचं नाही, एवढ्यासाठी भाषेने एक शब्द राखून ठेवला आहे! शाळेतल्या संघात लिंबूटिंबू नसतो.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी दिसते. 'शेजारी' हा शब्द राहण्याच्या जागेवरून माणसाला ओळखतो. पण पोरांसाठी मराठीने जे शब्द घडवले ते बहुतेक खेळातून आले: गडी, खेळगडी, गडणी, भिडू. शेजारी राहणं हे मोठ्यांचं नातं, पोरांचं नातं खेळण्याचं. भाषेला हे आपल्याआधी कळलं होतं.

आता सोलापूरचं. आपल्या गावात हा खेळ एकाच भाषेत कधी झाला नाही. लिंगायत घरांतली कानडी होती, गल्लीगल्लीत दखनी, म्हणजे इकडची उर्दू, होती. 1877 साली 'जुनी मिल' ही कापडगिरणी सुरू झाली. हातमाग, गिरण्या आणि पुढे यंत्रमाग यांच्या कामाने तेलंगणातली पद्मशाली, म्हणजे विणकरांची, घरं इथे रुजत गेली, आणि पूर्व भाग तर तेलुगूच बोलू लागला. पुढच्या खोलीत माग खटखटतोय, दारात पोरं खेळतायत आणि आतून आई तेलुगूत हाक मारतेय, हे आपल्याला इतकं सवयीचं होतं की त्यात काही विशेष आहे हे गाव सोडल्यावर कळतं. नवरात्रात इकडे हादग्याला सया जमायच्या, तिकडे तेलुगू घरांतल्या बतुकम्माभोवती, म्हणजे फुलांच्या देवीभोवती, पोरी फेर धरायच्या, आणि अर्ध्या पोरी दोन्हीकडे असायच्या. कुणाच्याही थोरल्या बहिणीला सगळी गल्ली 'अक्का' म्हणायची. अक्का आणि अण्णा मराठीत आले ते याच दक्षिणेच्या शेजारातून.

विटीदांडूचं उदाहरण घ्या. कानडी घरांत त्याला चिन्नी-दांडू म्हणतात. विटी पायावर, मुठीवर, कोपरावर, डोळ्यावर ठेवून टोलवायची आणि प्रत्येक ठेवणीला एक नाव: वकट, लेंड, मूंड, नाल. महाराष्ट्रभर पोरं हे म्हणत आली, बहुतेकांना ते निरर्थक बडबडगाणं वाटतं. आता तेलुगूतले आकडे म्हणून बघा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक, दोन, तीन, चार! कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु म्हणतात, तेव्हा आपले शब्द तेलुगूच्याच जास्त जवळ आहेत. सातारा-पुण्याच्या पोराला हे कळायला शब्दकोश उघडावा लागेल. आपल्या गल्लीत ज्याच्या घरी बाजाराचा हिशेबच 'ओकटि, रेंडु' असा चालायचा, तो पोरगा वकट-लेंड म्हणताना स्वतःच्या घरचे आकडे म्हणत होता, आणि शेजारचा मराठी पोरगा त्याच्या मागोमाग. तुमच्या लेखात विटीदांडूची आठवण असेल तर हे जरूर घाला. मेळाव्याला येणाऱ्या तेलुगू मंडळींना त्याचा आनंद होईल.

'गट्टी'कडेही तसंच बघा. अंगठा दातांना लावून झटकला की कट्टी, करंगळीत करंगळी अडकवली की पुन्हा गट्टी. कानडीत आणि तेलुगूत 'गट्टि' म्हणजे घट्ट, मजबूत. मी यावरून व्युत्पत्ती मांडत नाही. पण सोलापूरच्या पोराच्या कानावर हे शब्द शेजारी शेजारी पडत होते, आणि त्याला गट्टीचा अर्थ वेगळा शिकवावा लागला नाही एवढं खरं.

मग हाक कशी मारायची आपण? नावाने, आणि नाव मोडून. सुरेशचा सुऱ्या, दिलीपचा दिल्या, रमेशचा रम्या. शोभाची शोभे, सुमनची सुमे. आणि त्याला जोडून आपला 'बे'. 'काय करलालास बे?' एवढं कानावर पडलं की मुंबईच्या फलाटावरही सोलापूरकर मान वळवतो. हिंदी-दखनीतल्या 'अबे'चा हा तुकडा. नागपूरकडेही आहे, पुण्यात मात्र तो उर्मट वाटतो. आपल्याकडे तो बरोबरीच्याला लावायचा. वडीलधाऱ्या माणसाला 'बे' म्हणणं जसं चुकीचं, तसंच गल्लीतल्या सोबत्याने तुम्हाला 'बे' म्हणायचं थांबवून एकदम 'तुम्ही' म्हणणं जिव्हारी लागणारं. मेळाव्यात पहिली दहा मिनिटं सगळे 'तुम्ही-आम्ही' करतील. मग कुणीतरी बे म्हणेल आणि गाडी रुळावर येईल. तेव्हा तुमच्या लेखात निदान एका ठिकाणी तरी खरा संवाद जसाच्या तसा येऊ द्या, पुस्तकी करू नका.

राहिला मुलींचा प्रश्न. 'सवंगडी' व्याकरणाने पुल्लिंगी: सवंगडी आले. मिश्र गटाला तो चालवून घेतात, पण त्यात पोरीही आहेत हे मग मनातल्या मनात धरावं लागतं. एकट्या मुलीला सवंगडी म्हटलं तर कानाला खटकतं. तिथे मैत्रीणच लिहा, किंवा धीर असेल तर गडणी. 'लंगोटीयार' मुलींच्या बाबतीत बादच, तुमच्या भावाने हा विचार केलेला दिसत नाही. या अडचणीवर मराठीकडे फार सुंदर सोय आहे आणि ती आपण रोज वापरतो: नपुंसकलिंग. मुलगे आणि मुली एकत्र आले की मुलं होतात, पोरगे आणि पोरी मिळून पोरं. 'पोरं आली' म्हटलं की त्यात सुऱ्याही आला आणि शोभाही. म्हणून माझ्या मते तुमच्या लेखाचा मुख्य शब्द 'गल्लीतली पोरं' हाच असावा. त्यात जागा आहे, वय आहे, मुलगे-मुली दोन्ही आहेत, लिंबूटिंबूसुद्धा आहे. शिवाय आपले आईवडील हाच शब्द वापरायचे: 'गल्लीतली पोरं जमली वाटतं.'

'सवंगडी' एखाद्या भरल्या परिच्छेदासाठी राखून ठेवा, काल्याच्या किंवा खाण्याच्या आठवणीशी तो शोभेल. 'बालमित्र' एखाद्या जिवलगाबद्दल लिहाल तिथे. आणि लिहिताना रूपांकडे लक्ष द्या: सवंगडी हे एकवचनही तेच आणि अनेकवचनही तेच, पण प्रत्यय लागला की सवंगड्याने, सवंगड्यांना, सवंगड्यांबरोबर. हाक मारायची तर 'सवंगड्यांनो'; 'सवंगडींनो' हे अलीकडे निमंत्रणपत्रिकांत दिसतं, ते टाळा. पहिली ओळ मात्र 'आपल्या गल्लीतल्या पोरांनो' अशीच ठेवा. समोर साठीचे लोक बसले असले तरी.